एका तासाचं घड्याळ

"माणूस खोटं बोलेल, डॉक्टर. घड्याळ बोलणार नाही!"

घड्याळजींनी टेबलावर बोट आपटून हे त्रिकालाबाधित सत्य जाहीर केलं. डॉक्टरांनी त्यांच्या मनगटाकडे पाहिलं. तिथे सव्वातीन वाजले होते. बाहेर सकाळचे अकरा.

"हे बंद आहे," घड्याळजी म्हणाले. "बंद घड्याळसुद्धा खोटं बोलत नाही. गप्प बसतं."

शेजारच्या खुर्चीत त्यांची बायको गप्प बसली होती. भर उन्हाळ्यात स्वेटर, त्यावर शाल. चेहरा सुजलेला, पापण्या जड. वर्षापूर्वी थायरॉईड मंदावल्याचं निघालं तेव्हा तपासणीतला आकडा नऊ होता. गोळी सुरू केली तर तो खाली यायचा सोडून चौदावर गेला. गोळी वाढवली, एकवीस झाला. आजच्या कागदावर चौतीस होते.

"गोळी उपाशीपोटीच घेता ना, काकू? नंतर तासभर चहा नाही?"

"एक तास म्हणजे एक तास," काकूंच्या वतीने घड्याळजीच बोलले. "त्यासाठी खास घड्याळ बनवलंय मी."

हे मात्र खरं होतं. चाळीस वर्षं चालवलेलं दुकान, लोक फोनमध्ये वेळ बघायला लागल्यावर बंद झालं. घरात एकोणीस घड्याळं उरली, आणि किती वाजले यावर एकोणिसांत एकमत नव्हतं. पण डॉक्टरांनी तासाचं पथ्य सांगितलं त्या आठवड्यात घड्याळजींनी जुन्या सुट्या भागांतून एक नवं घड्याळ जुळवलं. चावी दिली की बरोबर एका तासाने बेल. दर रविवारी ते भिंग लावून ते उघडत आणि स्प्रिंगवर तेलाचा एक थेंब सोडत. हात हल्ली थरथरे, त्यामुळे एकाचे तीन होत. होईनात का. तेल जास्त झालं म्हणून कुणी मेलेलं नाही.

सकाळी सहाला गोळी, मग चावी, मग पेपर. पूर्वी बेल होईपर्यंत त्यांचा पेपर अगदी शेवटच्या पानापर्यंत वाचून होई. हल्ली तिसऱ्या पानावरच बेल वाजे. "पेपरवाले फार पाल्हाळ लावायला लागलेत," ते म्हणत. गीझरही नालायक झाला होता, तासाभरात पाणी नुसतं कोमट. शाळेची व्हॅन पूर्वी बेलच्या आधी हॉर्न देऊन जायची. आता चहा पिऊन कप विसळले तरी तिचा पत्ता नसे.

"सगळं जगच ढिलं पडलंय," ते म्हणत आणि लगेच जीभ चावत. कारण दोन पायऱ्या चढून कठड्याला टेकणारी बायको समोरच असे.

तो तास ती खिडकीशी बसून काढी. बसल्या बसल्या तिचे ओठ हलत. त्यांना आधी वाटलं, गाणं आलं परत. एकेकाळी भाजी चिरतानासुद्धा ती गात असे. पण जवळ गेलं की ओठ थांबत. आजार आता डोक्यात शिरला, असं समजून ते एकदा नळाखाली बराच वेळ तोंड धूत राहिले होते.

चहा थर्मासात तयारच असे. बेल वाजली की कप घेऊन घड्याळजी हजर.

"झाला बरं का तास!"

"झाला?"

"मग? बेल काय तुझ्या माहेरची आहे, थापा मारायला?"

ती हसे. कप हातात धरून बसे. "निवू द्या जरा."

निवला की ते परत तापवून आणत आणि शेवटच्या घोटापर्यंत समोर बसून राहत. येता येता अर्धा चहा बशीत सांडलेला असे. तोही ती निमूटपणे पिई.

डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी उजेडात धरली. "हृदयही मंदावलंय, काका. आता हयगय चालणार नाही. मला काकूंशी दोन मिनिटं एकट्याने बोलू द्या."

"कुठली दोन मिनिटं? तुमचं भिंतीवरचं घड्याळ चार मिनिटं मागे आहे."

"बाहेर बसा, काका."

बाहेर बसणं काही घड्याळजींना जमलं नाही. मधली भिंत प्लायवुडची होती. त्यांनी तिला कान लावला, जसा ते आजवर हजारो घड्याळांना लावत आले होते.

"खरं सांगा, काकू. गोळी चुकवता?"

"नाही हो. रोज घेते."

"मग तास पाळत नसाल."

आत खुर्ची करकरली. मग तिचा घोगरा, संथ आवाज आला.

"आधी तासच होता. मग पन्नास मिनिटांत बेल व्हायला लागली. मग पस्तीस. काल बाराव्या मिनिटाला झाली. मी आकडे मोजते ना, मनातल्या मनात."

"आणि तरी चहा पिता?"

"ते कप घेऊन उभे असतात हो. दुकान गेल्यापासून तेवढं एकच कामाचं घड्याळ उरलंय त्यांच्या हातात." ती दम घ्यायला थांबली. "गोळी हवी तेवढी वाढवा. बेलचं मात्र त्यांना बोलू नका. आणि डॉक्टर, तुमचं हे भिंतीवरचं... ते त्यांनाच द्याल का दुरुस्तीला?"