दहा ब्रेक

"बंद कर तो आवाज!" सायकलवरून उतरायच्या आधीच ऑगस्टीन ओरडला. "आज, आत्ताच्या आत्ता. नाहीतर ती गाडी दर्यात लोटून दे."

जयराम गाडीखालून बाहेर सरकला. नंदाखालच्या नाक्यावर, एसटीडी बूथच्या मागे त्याचं गॅरेज. जॅकवर चढवलेली गाडी लाल होती, जमिनीला टेकेल इतकी बुटकी, आणि आत जेमतेम दोघांची जागा. बाजूला जुन्या टायरवर तिचा मालक बसला होता. ज्युलियस, ऑगस्टीनचा थोरला मुलगा.

"तेच करतोय, अंकल," जयराम म्हणाला.

"महिना झाला, तेच करतोस!"

काल शेजारच्या मार्थाचं दफन होतं. पेटी खड्ड्यात उतरत होती, फादर प्रार्थना म्हणत होते. तेवढ्यात भिंतीपलीकडच्या वळणावर ज्युलियसने ब्रेक मारला आणि अशी किंकाळी उठली की फादर शब्द गिळून थांबले. मागून कोणीतरी म्हणालं, "ऑगस्टीनची वाडी ओरडते." लोक हसले. मयताला आलेले लोक, पण हसले. केळीची वाडी बिल्डरला गेली आणि तिच्या जागी ही गाडी आली, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

"तिच्या पेटीवर मूठभर माती टाकायला थांबता आलं नाही मला," ऑगस्टीन म्हणाला. "चाळीस वर्षांची शेजारीन! तोंड लपवून पळालो मी."

"पप्पा, लोक जळतात," ज्युलियस म्हणाला. "तुम्ही टेन्शन नका घेऊ."

"जळत नाहीत, गाढवा. हसतात!"

जयरामने खोलून ठेवलेला जुना ब्रेक पॅड दोघांच्या मधे धरला. तो आरशासारखा चकचकीत झाला होता.

"हे बघा. असे गुळगुळीत झाले की डिस्कवर किंचाळतात. ही गाडी पळायला बनवलीय आणि हा तिला केळींमधून दहाच्या स्पीडने फिरवतो, सगळा वेळ पाय ब्रेकवर. नवे पॅड टाकले तरी महिन्यात तेच होणार. आता परत नवे टाकलेत, मागून ग्रीस लावलंय. पण ते नीट बसायला हवेत. साठवर न्यायची, ब्रेक दाबायचा, परत साठ. दहा वेळा. मग आवाज राहणार नाही."

"मग जा आनि दाब."

"कुठे दाबू?" आता ज्युलियसही चिडला. "इथे साठवर गेलो तर दुसऱ्या वळणाला कोणाच्या तरी ओटीवर चढेन."

जयराम घुटमळला. "हायवेला ट्रक फार असतात. सरळ आणि रिकामा रस्ता इकडे एकच आहे."

कोणता, ते ऑगस्टीनने विचारलं नाही. वाडीच्या कागदांवर सही केल्यापासून त्या बाजूला त्याने पाऊल टाकलं नव्हतं. 'सही करताना हा राग कुठे गेला होता?' त्याची बायको रेजिना उठताबसता विचारायची. 'बैल गेला नि झोपा केला.' ती चुकीचं बोलत नव्हती. पोराने हट्ट धरला होता, पण पेन ऑगस्टीनच्याच हातात होतं. सहीवर ओरडता येत नाही, म्हणून तो पोरावर ओरडत होता.

"चला," तो म्हणाला आणि सायकलवर बसला.

पाच जणांच्या वाड्या सपाट करून बिल्डरने तो रस्ता काढला होता. इमारत अजून एकही नव्हती. नुसतं डांबर, कडेने खडी, चुन्याच्या रेघा आणि रंगीत इमारतींचा एक बोर्ड. ऑगस्टीनच्या वाडीतलं एक उंडीचं झाड तेवढं रस्त्याच्या कडेला उरलं होतं. त्याने सायकल त्याला टेकवली आणि खोडावर हात ठेवून उभा राहिला.

जयराम ज्युलियसच्या शेजारी बसला. पहिल्या तीन ब्रेकना किंकाळी होती तशीच. पाचव्याला ती घोगरी झाली. जळका वास सुटला. सातव्याला नुसती खरखर, आणि नवव्याला काहीच नाही. जयराम खाली उतरला.

"शेवटचा एकट्याने मार," तो म्हणाला. "जोरात, पूर्ण थांबेपर्यंत."

ज्युलियस गाडी घेऊन पार टोकाला गेला आणि वळला. इकडे ऑगस्टीन झाडापासून निघाला. मान खाली घालून, पावलं मोजत. बारा झाली आणि तो थांबला, तो रस्त्याच्या अगदी मधोमध.

"अंकल, बाजूला व्हा!" जयराम धावला.

गाडी आली. ऑगस्टीनच्या गुडघ्यांपासून हातभर अंतरावर ती थांबली. आवाज झाला नाही. इंजिनाची धग त्याच्या पायांना लागली.

ज्युलियस दार उघडून बाहेर पडला. "मरायचंय का तुम्हाला? ब्रेक लागला नसता तर? वेड लागलंय?"

सकाळपासून ओरडणारा माणूस आता ओरडला नाही.

"पुढे बावखल आहे," ऑगस्टीन म्हणाला. "आपलं. तू पोहायला शिकलास ते. पानी खोल आहे, वळसा घालून जा."

समोर कोरडं डांबर होतं; वाडीतलं ते तळं बुजवून त्यावरूनच बिल्डरने रस्ता नेला होता. ज्युलियसने डांबराकडे पाहिलं, मग बापाकडे. तो गाडीत बसला, गाडी मागे घेतली, रस्ता सोडून खाली उतरवली आणि तिचं पोट खडीवर घासत, पाण्याच्या कडेकडेने पलीकडे गेला.