यादीबाहेरचा ब्लॉग

अकरा खाती आणि तीन ब्लॉग. नेरिसाने यादी दोनदा वाचली आणि समोर बसलेल्या म्हाताऱ्याकडे पाहिलं.

"एवढं सगळं एकट्या बाईंचं?"

"तिला बोलायला आवडायचं," आन्सेल्मो म्हणाले. "मला नाही."

फिलिपिन्समधल्या दुमागेते शहरात, बाजारामागे, नेरिसाची एका खोलीची कचेरी होती. एक दंतवैद्य, एक बेकरी, समुद्रात बुड्या मारायला शिकवणारी एक शाळा, अशा नऊ जणांची पानं ती सांभाळायची. लोक हौसेने खातं उघडतात, पासवर्ड विसरतात, दुसरं उघडतात आणि शेवटी सगळा गुंता हिच्या टेबलावर आणून टाकतात. गुंता सोडवण्यावरच तिचं पोट होतं.

आन्सेल्मोंनी तीस वर्षं बोटीच्या इंजिनखोलीत काढली होती. तिथे बोललेलं कुणाला ऐकूच जात नाही, म्हणून या माणसाची बोलायची सवय मोडली, असं गल्लीतले लोक म्हणायचे. त्यांची बायको फेलिसितास शाळेत शिकवायची, चर्चमध्ये गायची, ऑर्किड लावायची, आणि प्रत्येक गोष्टीचं तिने एक तरी खातं काढून ठेवलं होतं. ती गेल्यानंतरच्या चाळिसाव्या दिवसाची प्रार्थना नुकतीच झाली होती. ऑर्किडचं पान तेवढं भाची चालवणार होती. बाकी सगळं बंद करायचं होतं. मेलेल्या माणसाला वाढदिवसाच्या शुभेच्छा येऊ नयेत, एवढंच त्यांचं म्हणणं.

नेरिसा कामाला लागली. आधी सगळी खाती तिने एका मेलखाली आणली, पासवर्ड एका वहीत उतरवले. गायकवृंदाची दोन पानं होती, त्यांचं एक करून चर्चच्या हवाली केलं. स्वयंपाकाचा ब्लॉग छापून भाचीसाठी बांधला. शाळेच्या मैत्रिणींना निरोपाचे चार शब्द लिहिले.

आन्सेल्मो रोज दहाला यायचे. येताना केळीच्या पानात वाफवलेले गोड भाताचे बुडबुड आणायचे, ते टेबलावर ठेवून खुर्चीत बसायचे. ती एकेक खातं दाखवायची, ते मान हलवायचे. एकदा तिने लोकांनी लिहिलेले सांत्वनाचे शब्द वाचून दाखवले, तर ते उठून खिडकीशी जाऊन उभे राहिले. पुन्हा तिने काही वाचलं नाही.

तिसऱ्या दिवशी ते घरी गेल्यावर जुन्या मेलमध्ये नेरिसाला चौथा ब्लॉग सापडला.

त्यावर नाव नव्हतं, फोटो नव्हता. पण लिहिणारी कोण, ते पहिल्या ओळीतच कळत होतं. "आज मी भाजीत मीठ घातलंच नाही. तरी तो एक शब्द बोलला नाही. भिंतीवर निदान पाल तरी चुकचुकते."

प्रत्येक नोंदीखाली एकाच माणसाचं उत्तर होतं. भरती, एवढंच त्याचं नाव. आज काय गायलीस, कुठलं फूल उमललं, गुडघा कसा आहे, असं तो विचारायचा आणि ती पानंच्या पानं लिहायची. सात वर्षं हे चाललं होतं. दोन वर्षांपूर्वी तिने लिहिलं होतं, "रविवारी चार वाजता, समुद्राकाठच्या रस्त्यावर, शेवटच्या बाकावर. मी पिवळ्या कपड्यांत असेन." पुढची नोंद त्या रविवारी रात्रीची. "तू आला नाहीस. दिवे लागेपर्यंत बसले होते."

त्याने क्षमा मागितली होती. तीन आठवडे ती गप्प राहिली, मग पुन्हा लिहू लागली. शेवटची नोंद इस्पितळातली होती. "मला कुणी ऐकलं असेल, तर ते तू एकट्याने."

नेरिसाने पडद्यावरून नजर काढली. टेबलावरचे बुडबुड अजून कोमट होते. नवराबायकोच्या भानगडीत पडायचं नाही, आणि विचारल्याशिवाय कुणाचं अक्षरही पुसायचं नाही, हे दोन नियम तिने आजवर पाळले होते. पण हे त्या माणसासमोर ठेवायचं कसं? चाळीस दिवस बायकोसाठी गुडघे टेकलेल्या माणसाने उरलेली वर्षं हे वाचत काढायची? गेलेल्या बाईची अब्रू आणि मागे राहिलेल्याची झोप, दोन्ही तिच्या बोटाखाली होती.

पुसलेलं परत मिळणार नाही, नक्की पुसायचं का, असं यंत्राने विचारलं. तिने हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी आन्सेल्मो आले तेव्हा वहीत न खोडलेलं एकच खातं उरलं होतं, ऑर्किडचं. त्यांनी वही उलटसुलट पाहिली.

"यादीत नव्हतं असं काही सापडलं, दाय?" लहान बहिणीला म्हणावं तसं त्यांनी विचारलं.

"नाही, नोंग," थोरल्या भावाला म्हणावं तसं ती म्हणाली.

"एखादा ब्लॉग?"

"तीनच होते."

"नीट पाहिलंस?"

"सगळं पाहिलं."

त्यांनी वही मिटून तिच्यावर तळहात ठेवला. मग हळूच म्हणाले, "म्हणजे जाण्याआधी तिनेच पुसला."

यांना ठाऊक होतं, मग मी उगाच खोटं बोलले, एवढंच नेरिसाच्या मनात येत होतं. तोवर त्यांनी सदऱ्याच्या खिशातून एक घडी घातलेला कागद काढून तिच्यापुढे सरकवला.

"हे एक खातं माझं. हेही बंद कर. आता लिहू कुणाला?"

कागदावर पासवर्ड होता आणि त्याच्या वर, इंजिनावर खुणा कराव्यात तशा ठसठशीत अक्षरांत, एकच शब्द. भरती.

तिला मान वर करवेना.

"त्या रविवारी मी गेलो होतो गं," आन्सेल्मो म्हणाले. "झाडाआड उभा होतो. पिवळ्यात ती इतकी छान दिसत होती, की तो मीच आहे हे सांगून तिचा हिरमोड करायचा धीर झाला नाही."