पडवळाचं बास क्लॅरिनेट

भाज्यांच्या वाद्यवृंदातले सगळे बासरीसाठी भेंडी पेरत असताना हेरंबने खाली वळलेल्या, खर्जातल्या बास क्लॅरिनेटसाठी पडवळ निवडलं. नव्या वाणाचं हे पडवळ वेलीवरच पोकळ व्हायचं आणि पिकलं की लाकडासारखं कडक. पहिल्या मैफलीच्या सकाळी तो ते काढायला गेला, तर खालचं वळण गायब! टोकाला दगड लोंबत होता.

"आई, हा दगड?"

"पडवळाला बांधतातच. वाकडं वाढत होतं रे बिचारं."

"अगं, बास क्लॅरिनेट वाकडंच असतं!"

दुसरं वाद्य नव्हतं. हे तर ताणून हेरंबहून उंच झालेलं. संध्याकाळी त्यालाच भोकं पाडून तो मंचावरच्या टेबलावर उभा राहिला. खालच्या भोकांपर्यंत हात पोचेना, म्हणून आई खाली मांडी घालून बसली. त्याने भुवई उडवली की ती भोकं झाकायची.

टाळ्या थांबल्यावर ती हळूच म्हणाली, "तुझ्यापेक्षा माझे सूर बरे लागले हं."