दीड व्होल्टाची सोयरीक

मोईनने यंत्राला करंट दिला आणि त्यातून जिऱ्याएवढा धूर निघाला.

यंत्र हिरासिंग नाईकांच्या कानातलं, ऐकू येण्याचं. त्याची बॅटरी शर्टाच्या गुंडीएवढी, दीड व्होल्टाची, आणि आतली चिप त्याहून नाजूक. पण नेरच्या बसस्टँडसमोरच्या या दुकानात दिवसभर मोबाइलच दुरुस्त व्हायचे, म्हणून टेबलावरच्या करंटच्या डब्याचा काटा कायम चार व्होल्टांवर. मोईनचा हात सवयीने गेला, चिप कायमची गेली.

काउंटरपलीकडे नाईकांची बायको हंसाबाई चहा पीत होती. चहाच्या वाफेत धूर खपून गेला.

उद्या तांड्यावर तिच्या नातीची, उज्ज्वलाची, सोयरीक ठरायची होती. मुलगा बादल पोरीला पसंत होता. आता दोन्हीकडचे म्हातारे समोरासमोर बसून बोलणार, मग गूळ खाणार. गूळ खाल्ला की शब्द फिरत नाही.

“मागची सोयरीक ह्याच्यानंच मोडली, मोईनभाऊ,” हंसाबाई म्हणाली. “पाहुणे राम राम करून राह्यलते अन् बुढा भिताडाकडं पाहून राह्यलता. उद्या ऐकू आलं पायजे.”

“येते ना, काकी.”

नवी चिप नागपूरहून यायला आठ दिवस. दुकानातल्या मोबाइलच्या चिपा तीन व्होल्टांखाली डोळाच उघडेनात. शेवटी मोईनने यंत्र पुसून चकचकीत केलं आणि नवी बॅटरी घातली. ऐकू येणं सोडलं तर त्यात काहीच कमी नव्हतं.

हंसाबाईने त्यालाही उद्याचं आवतण दिलं. मशीनवाला माणूस जवळ असलेला बरा.

दुसऱ्या दिवशी नाईकांनी यंत्र कानात घातलं. ऐकू येते का, असं सगळ्यांनी विचारलं. सगळ्यांची तोंडं हललेली पाहून नाईक म्हणाले, “बेस आहे.” मोईन त्यांच्या मागे बसून घाम पुसत होता. पोरीची सोयरीक आपण जाळली, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

समोर बादलचे आजोबा, त्यांच्या तांड्याचे नाईक धनसिंग. हिरासिंगांनी लग्नाची तिथी विचारली.

“तुम्ही म्हणान तसं,” धनसिंग म्हणाले.

हिरासिंगांनी भारदस्त मान हलवली. मग वऱ्हाड किती, जेवण कोणाकडं, मंडप कुठं, सगळं त्यांनी एकेक करून काढलं. दरवेळी धनसिंगांचं तेच उत्तर आणि हिरासिंगांची तीच मान. अर्ध्या दिवसाचं काम सात मिनिटांत उरकलं. असं समजूतदार बोलणं उभ्या जन्मात ऐकलं नाही, असं तांड्यातले लोक म्हणू लागले. बायांनी गाणं धरलं. गूळ फिरला. दाराआडून उज्ज्वला हसली आणि मोईनच्या छातीवरचा दगड उतरला. त्याने गुळाचे तीन खडे खाल्ले.

तो गाडीला किक मारणार, तेवढ्यात धनसिंग नाईक मागून आले. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं, कानातून तसलंच एक यंत्र काढलं आणि मोईनच्या तळहातावर ठेवलं.

“पोळ्यापासून बंद आहे. घरी कोनाले माहीत नाही.” मग खिशातून एक चुरगळलेला कागद आणि पेन काढून त्यांनी पुढे केलं. “दुरुस्तीचं मागून पाहू. आधी ह्याच्यावर लिहून दे, मी काय काय कबूल केलं.”