तिसरी पायरी

"चोर आले जमिनीखालून, पोलीस आले जिन्यावरून," म्हातारा वाटाड्या चौकात उभा राहून म्हणाला. "आणि आज तिथे लोक आपण होऊन दुसऱ्याच्या वस्तऱ्यापुढे मान देतात. कुठे घडलं? ओरडू नका, हात वर करून सांगा."

घोळक्यातल्या एका तरुणीने हात वर केला आणि समोरच्या सलूनकडे बोट दाखवलं. पूर्वी तिथे सराफाची पेढी होती, भुयार खणून लुटलेली. टाळ्या पडल्या.

मागे टोपी डोळ्यांवर ओढून उभ्या असलेल्या चष्मेवाल्याने टाळी वाजवली नाही. त्याचे पाय दुखत होते. आठवडाभर दुकानात लोकांना चष्मे लावायचे आणि रविवारी गाडी हाकत आईच्या गावी यायचं. कधी पंप बंद, कधी गच्ची गळतेय, कधी औषधं संपलीत. दोन दगडांवर पाय ठेवून त्याचा जीव मेटाकुटीला आला होता. म्हणून त्याने आईचं घर विकायला काढलं. तिला आपल्या पाचव्या मजल्यावरच्या फ्लॅटवर न्यायचं. तिथल्या बाल्कनीत तिला भोवळ येते हे त्याला माहीत होतं, पण इलाज काय?

आई नाही म्हणाली नव्हती. "तू म्हणशील तसं," एवढंच. उलट फोनवर आठवणीने विचारायची, "बघायला कोण येतंय? किती वाजता?" आणि घर आरशासारखं लख्ख करून ठेवायची.

पण गिऱ्हाईक फाटकापर्यंत यायचं आणि तिथूनच माघारी फिरायचं. शेवटी दलालाने तोंड उघडलं. "साहेब, ते गुन्ह्यांच्या जागा दाखवत हिंडणारे लोक तुमच्या दारातच थांबतात. घराचं नाव खराब झालंय." म्हणून चष्मेवाला आज गुपचूप या घोळक्यात सामील झाला होता. म्हाताऱ्याला रंगेहाथ पकडायचं आणि चांगलं खडसावायचं, असं त्याने ठरवलं होतं.

"आता शेवटचं कोडं," वाटाड्या म्हणाला. "तिसरी पायरी बोलते. मागचं दार आधी उचलावं लागतं, मगच उघडतं. आणि वरच्या खोलीतला माणूस जेवायला खाली उतरला, तो पुन्हा वर गेलाच नाही. चला, शोधा."

चष्मेवाल्याने डोळ्यांवरची टोपी वर सारली. लहानपणी चोरून सिनेमाला जाताना तो आईच्या घरातली हीच करकरणारी तिसरी पायरी ओलांडून उतरायचा. ते दारही असंच उचलायचा. बाहेरच्या माणसाला हे कळायचं कारणच नव्हतं.

लोकांनी सगळी गल्ली धुंडाळली. ती तरुणी 'घर विकणे आहे' या पाटीपाशी थांबली. पाटी चष्मेवाल्यानेच टांगली होती. फाटकाशी दलाल आजच्या गिऱ्हाइकाला घेऊन उभा होता.

"बरोब्बर!" वाटाड्या म्हणाला. "फार गाजलेला खून. इतका गाजला, की पेपरात येऊच दिला नाही. भाडेकरू होता बिचारा. शाळामास्तर. ताट वाढलेलं, पहिला घास तोंडात, आणि..." त्याने मान टाकली. "ज्या हातांनी वाढलं, ते हात अजून याच घरात आहेत."

वरच्या खिडकीचा पडदा हलला. कोणीतरी किंचाळलं. गिऱ्हाइकाने दलालाकडे पाहिलंसुद्धा नाही, सरळ वाट धरली.

खडसावायला पुढे झालेला चष्मेवाला जागीच थांबला. कारण भाडेकरू खरंच होता. भूगोलाचे मास्तर. जेवायला खाली आले की त्याला कोडी घालायचे, "तिन्ही बाजूंनी डोंगर, चौथीकडे स्टेशन, गाव ओळख." वडील तेव्हा फिरतीच्या नोकरीवर असायचे. एक दिवस तो शाळेतून आला तर वरची खोली रिकामी. "गेले," आई म्हणाली होती. कुठे, ते त्याने विचारलं नव्हतं, तिनेही सांगितलं नव्हतं.

घोळका पांगल्यावर तो घरात गेला. आई स्वयंपाकघरात कप पुसत होती.

"आई, वरचे मास्तर कुठे गेले?"

तिचे हात थांबले. "कोणते मास्तर?"

"आपले भाडेकरू."

"इतक्या वर्षांनी काय ते उकरून काढायचं! चहा घे."

त्याने कपाकडे पाहिलं, मग तिच्या हातांकडे. याच हातांनी त्याला भरवलं होतं. त्याला भीती वाटली, आणि भीती वाटल्याची लाजही वाटली. चष्मा काढून त्याने डोळे चोळले. चहाचा कप त्याने तसाच मागे सरकवला.

"राहू दे, निघतो," तो उठत म्हणाला. "पुढच्या रविवारी एक डॉक्टरीणबाई यायच्यात घर बघायला."

"किती वाजता?"

"चारला."

"बरं. तू म्हणशील तसं."

गाडीत बसल्यावर समोरचा रस्ता धूसर दिसला, तेव्हा कळलं, चष्मा आईच्या टेबलावरच राहिला. पुन्हा त्या घरात जायचं त्याच्या जिवावर आलं होतं. पण आंधळ्यासारखी गाडी चालवणार कशी? शेवटी वळसा घालून तो मागच्या बाजूला गेला. सवयीने दार उचललं आणि हलकेच ढकललं.

टेबलाशी तोच म्हातारा वाटाड्या बसला होता, चष्मेवाल्याच्याच खुर्चीवर. आई त्याच्या ताटात वाढत होती.

"पुढच्या रविवारी चार वाजता," ती म्हणत होती. "डॉक्टरीण आहे, सहजासहजी घाबरायची नाही. तेव्हा मास्तर, या खेपेला जरा मन लावून मरा."