दिवाणखान्यातली सवत

दिवाणखान्यात माझी सवत टांगलेली आहे. जुन्या सिनेमातल्या नटीनं ह्यांना पाठवलेलं सहीचं पत्र, काचेच्या फ्रेममध्ये. असली पत्रं जमवण्यात ह्यांची हयात गेली. सहीचं वळण बघून नाव सांगतात म्हणे! कामावरून आले की बूट काढायच्या आधी तिच्यासमोर उभे. मी मेली चहा घेऊन ताटकळते. आज काच पुसायला फ्रेम उघडली. पत्र हलू नये म्हणून ह्यांनी मागे एक कागद घडी करून कोंबला होता. उलगडला, तर लग्न ठरल्यावर मी ह्यांना लिहिलेलं पत्र! अंगाचा तिळपापड झाला. त्या बाईला मागे कोंबलं आणि माझं पत्र पुढे लावलं. संध्याकाळी हे आले, चष्मा चढवून सहीवर वाकले. “अगं वा! ही नटी कोण? हिची सही माझ्याकडे नव्हती!” “होती एक, रोज चहा घेऊन ताटकळणारी,” मी म्हणाले, “आजपासून तिनं काम सोडलं.”