उरलेली जागा

"गेवराईहून काका निघालेत बरं का, तुला न्यायला," उत्तरेश्वर सरांनी फोन खाली ठेवत लेकीला सांगितलं. चैतालीची बॅग सकाळपासूनच दाराशी भरून ठेवलेली होती.

उन्हाळ्यात सरांची बायको रोहिणी गेली. तेव्हापासून वडवणीतलं ते दोन खोल्यांचं घर त्यांना खायला उठत होतं. पण पोरीसमोर त्यांनी कधी डोळ्यांतून टिपूस काढला नाही. पोरही रडली नाही. ती आतल्या आत दगड होत चालली, असं त्यांना वाटायचं. गेवराईला मावशी-काकांच्या भरल्या घरात चार माणसांत राहील, हसेल-बोलेल. आपलं काय, आपण राहू एकटे. सरांनी ठरवून टाकलं. पोरीला विचारायचं मात्र राहून गेलं. मास्तर माणूस, उत्तर आधी काढून मोकळा.

"पप्पा, जायच्या आधी पायथागोरस दाखवा की."

शाळेत घसा फोडून शिकवणारे सर घरात कित्येक महिने मुकेच होते. एवढ्यानेही त्यांना हुरूप आला. पुठ्ठ्याचे चार सारखे काटकोन त्रिकोण त्यांनी कापले आणि कॅरमबोर्डच्या चारही कोपऱ्यांत टोकाला टोक भिडवून एकेक बसवला. मधे एक तिरका, ऐसपैस चौरस मोकळा राहिला.

"हा कर्णाचा वर्ग. आता बघ."

त्यांनी दोन-दोन त्रिकोण जोडून दोन आयत केले आणि एक उभा, एक आडवा असे समोरासमोरच्या कोपऱ्यांत सरकवले. आता बोर्डवर दोन चौरस मोकळे होते. एक मोठा, एक लहान.

"हे बाकीच्या दोन बाजूंचे वर्ग. बोर्ड तोच, त्रिकोण तेच. मग मोकळी जागा कमी झाली का?"

"न्हाई. तेवढीच हाय. आधी एकच व्हती, आता दोन झाल्या."

"शाब्बास!"

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. सर बॅग उचलायला उठले. चैताली जागची हलली नाही. तिने मोठ्या चौरसावर बोट ठेवलं.

"आई गेल्यावर जे रिकामं झालं ना, त्यातलं हे तुमचं." मग बोट लहान चौरसावर आलं आणि तिला रडू फुटलं. "हे माझं. दोनी याच घरात ऱ्हाऊ द्या, पप्पा."